दगडच तो!

आमच्या देवघरात एक शाळिग्राम होता. काळा, लिंबाएवढा, एका बाजूने फुटलेला आणि आत चक्राची सुबक वळणे. तुळशीच्या लग्नात तोच नवरदेव. दादा त्याला ताम्हनात घेऊन उभा राही आणि मी पाठीमागून अक्षता उधळी. पुढे आई गेली आणि २००८ साली वाटण्या झाल्या. घरावरून, भांड्यांवरून बोलाचाली झालीच होती; शेवटी दादाने शाळिग्राम मागितला. मी तडकून म्हणालो, "ने, ने! दगडच तो!" दादाने तो निमूटपणे उपरण्यात गुंडाळला आणि तो चालता झाला. त्यानंतर अकरा वर्षे आमचा अबोला.

२०१९च्या जुलैत मी स्पितीला गेलो. पावसाला डोंगरांनी वाटेतच अडवलेला हा मुलूख. काझा गावच बारा हजार फुटांवर. तिथून मोटार आणखी चढत लांगझाला पोचली, ती साडेचौदा हजारांवर. भोवती उघडेबोडके डोंगर आणि त्यांच्या कुशीत सातूची, मटारची चिमुकली शेते. दहा पावले टाकली की छातीचा भाता होई.

तिथे सात-आठ वर्षांची एक पोर पुढे आली आणि मूठ उघडून म्हणाली, "समुंदर का है." तळहातावर काळा, लिंबाएवढा दगड. तीच वळणे!

इथे कुठला समुद्र? पण पोरीचे खरे होते. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी सरकत सरकत आशियाला भिडली, मधला टेथिस समुद्र मिटला आणि त्याचा तळ उचलला जाऊन हिमालयात आला. त्या समुद्रातले अमोनाइट नावाचे शंखधारी जीव त्याआधीच दगड झाले होते. तेही वर आले. नेपाळातल्या काळ्या गंडकीत सापडणारा आपला शाळिग्राम याच कुळातला.

दगड घेण्याचा मोह झाला. पण मनात आले, हा कुणाच्या वाटणीचा? पोरीच्या हातावर खाऊ ठेवला आणि दगड परत दिला.

जवळच हिक्किमला १९८३ पासून टपालकचेरी आहे, एवढ्या उंचीवर! तिथे एक कार्ड घेतले. बोटे गारठली होती. की दुसरेच काही अडत होते? अखेर लिहिले, "दादा, आपल्या शाळिग्रामाचे भाऊबंद इथे भेटले. त्या दिवशी मी चुकलो."

उत्तर आले दिवाळीच्या तोंडावर, तेही कार्डानेच. दादाचे तेच वळणदार अक्षर :

"तुळशीच्या लग्नाला ये. दगड घासूनपुसून ठेवतो."