विरोधात वर केलेला हात

आमच्या महाविद्यालयाच्या बैठकीत तो ठराव एका मताने पडला. वर गेलेल्या हातांत एक माझा होता. जवळच्या एका पेपर मिलने देऊ केलं होतं ते असं : केमिकल इंजिनीअरिंगच्या पाच मुलांची दरवर्षी पूर्ण फी, उन्हाळ्यात मिलमध्ये प्रशिक्षण आणि त्या बदल्यात पदवीनंतर तीन वर्षांचा बाँड. मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘‘मिल मुलांची फी भरत नाहीये, मुलं विकत घेतेय.’’ पुढे बरीच वर्षं मला त्या वाक्याचा अभिमान वाटत होता. आज ते मागे घ्यायला बसले आहे. सगळं नाही, पण बरंचसं.

त्या वाक्यामागचा राग खरा होता. माझं बालपण एका पेपर मिलच्या गावात गेलं. क्राफ्ट पद्धतीने लगदा शिजवताना गंधकाची जी संयुगं सुटतात, त्यांचा वास नाकाला अब्जात काही भाग एवढ्यावरही कळतो. आमच्याकडे पाहुणे नाकाला पदर लावूनच घरात शिरायचे. मिलच्या खाली नदीचं पाणी चहाच्या रंगाचं असे. तो रंग लिग्निनचा, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पण त्या पाण्यात आई कपडे धुवायला जात नसे, हे त्याआधीच कळलं होतं. असा धंदा मुलांच्या फीचे पैसे घेऊन दारात येतो तेव्हा त्याच्या हेतूवर विश्वास ठेवणं मला शक्यच नव्हतं.

निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत, मेन राज्यातल्या ओरोनोला काही महिने राहिले. ती तिथल्या विद्यापीठात संशोधन करते. विद्यापीठाला लागून स्टिलवॉटर नदी, पलीकडे पेनॉब्स्कॉट, आणि आजूबाजूचा सगळा मुलूख एकेकाळी कागदाचा. तिथे १९५० पासून ‘पल्प अँड पेपर फाउंडेशन’ नावाची संस्था आहे. कागद कंपन्या आणि या धंद्यात गेलेले माजी विद्यार्थी तिच्यात पैसे घालतात आणि त्यातून इंजिनीअरिंगच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात. शाळकरी मुलांना उन्हाळ्यात काही दिवस विद्यापीठात बोलावून इंजिनीअरिंग म्हणजे काय ते दाखवतात. मुलीच्या प्रयोगशाळेत शिष्यवृत्तीवर शिकणारी एक मुलगी भेटली. मी तिला विचारलं, ‘‘बाँड किती वर्षांचा?’’ तिला प्रश्नच समजला नाही. मी समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘म्हणजे पळून जाऊ नये म्हणून?’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या एका अटीमुळे मी सगळाच ठराव पाडला, ती अट त्या पैशाला जन्मतः चिकटलेली नव्हती. ती खोडता आली असती. एका मिलऐवजी चार मिलचा पैसा एका सामायिक निधीत घालता आला असता. मुलं निवडायचा अधिकार शिक्षकांकडे ठेवता आला असता. मुलाला मिलमध्ये जे दिसेल ते त्याने प्रकल्प अहवालात लिहावं, असं एक कलम घालता आलं असतं. हे सगळं त्या बैठकीत बोलायला मला पंधरा मिनिटं पुरली असती. मी एक टाळ्यांचं वाक्य बोलून बसले.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि ती जास्त जड जाते. मी वीस वर्षं ‘पल्प अँड पेपर’ हा विषय शिकवला, पण चालू इव्हॅपोरेटर जवळून पाहिला नव्हता. आमची पाठ्यपुस्तकं स्प्रूस आणि पाइनवर लिहिलेली. आपल्याकडच्या मिल बांबूवर, उसाच्या बगॅसवर, गव्हाच्या काडावर चालत आल्या. या कच्च्या मालात सिलिका असते. लगदा शिजवून उरलेलं ब्लॅक लिकर या इव्हॅपोरेटरमध्ये आटवताना ती नळ्यांना आतून कठीण थर धरते आणि रसायनं परत मिळवण्याचं सगळं चक्र अडतं. ते चक्र जितकं अडेल तितकं जास्त नदीत जातं. म्हणजे माझ्या लहानपणीच्या त्या चहाच्या रंगाचं एक कारण मी फळ्यावर शिकवत होते, आणि ते प्रत्यक्ष पाहून येऊ शकणाऱ्या पाच मुलांची वाट मीच बंद केली होती. हा विषय मोघम नाही. प्रत्येक तंतूचा स्वभाव वेगळा, आणि तो मिलच्या आत गेल्याशिवाय हाताला लागत नाही. सहारनपूरला १९६४ मध्ये स्वीडनच्या मदतीने कागद तंत्रज्ञानाची संस्था उभी राहिली. ती पुढे रुरकी विद्यापीठात आणि त्यातून आयआयटीत गेली. तिचं नाव मी वर्गात दरवर्षी घ्यायचे. अशा संस्थेमागे सरकार, उद्योग आणि शिक्षण यांनी एकत्र यावं लागतं, हा त्यातला साधा अर्थ मात्र माझ्या डोक्यात शिरला नाही.

नदीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. मेनमध्येही शिष्यवृत्त्यांनी नद्या स्वच्छ केल्या नाहीत. कागदाच्याच गावात, रमफर्डला जन्मलेल्या सिनेटर एडमंड मस्की यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं तेव्हा १९७२ चा स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. पेनॉब्स्कॉट नदीतल्या बेटावर राहणाऱ्या त्याच नावाच्या मूळ लोकांना त्यानंतरही माशांसाठी आणि डायॉक्सिनच्या विषाविरुद्ध भांडावं लागलं. मिलच्या अंगणातलं पाणी तपासायचं काम मिलच्या देणगीवर सोडता येत नाही, यावर मी आजही ठाम आहे. चूक झाली ती इथे, की नदीचा हिशेब मी मुलांच्या फीवर लावला. कायद्याचा अंमल मागायचा होता तो प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि मी ‘नाही’ म्हटलं ते पाच घरांना.

त्यातलं एक घर मला माहीत होतं. त्या पाच जणांच्या यादीत ज्याचं नाव पहिलं आलं असतं, तो मुलगा दुसऱ्या वर्षानंतर फी भरता न आल्याने गेला. भारतात परतल्यावर मी त्याचा नंबर शोधून फोन केला. तो एका मिलमध्ये लगदा शिजवणाऱ्या डायजेस्टरवर आहे, ठेकेदाराकडून, पाळीप्रमाणे. मी जे सांगायचं ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मॅडम, तीन वर्षांचा काय, मी पाच वर्षांचा बाँड लिहून दिला असता. तुम्ही आम्हाला विचारलंच नाही.’’

बैठकीत एकाही विद्यार्थ्याला बोलावलं नव्हतं. ते मला तोपर्यंत खटकलंही नव्हतं.

गेल्या महिन्यात मी महाविद्यालयाला पत्र लिहून अटींचा एक मसुदा पाठवला : सामायिक निधी, बाँड नाही, निवड शिक्षकांची, अहवालाचं स्वातंत्र्य. पाठवण्याआधी तो त्या मुलाला वाचून दाखवला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘उन्हाळ्याच्या ट्रेनिंगला पगार आहे का? नसेल तर आमच्यासारखी पोरं त्या दोन महिन्यांत शेतावर जातील, मिलमध्ये नाही.’’ ते कलम मी सगळ्यात वर घातलं.