तटाबाहेरची भाषा

एम.ए.च्या वर्गातील आमची एक मैत्रीण गेली वीस-बावीस वर्षे उत्तर वेल्समध्ये राहते. "एकदा याच. इथे पावलोपावली किल्ले आहेत, मराठी माणसाला आणखी काय हवं?" असे ती दरवर्षी कळवीत असे. २०२३च्या उन्हाळी सुटीत अखेर आमचे जाणे झाले. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे आमची सुटी एकदमच लागते आणि शिल्लकही एकदमच संपते.

पहिल्या दिवशी तिने आम्हांला कॉन्वीचा किल्ला दाखवला. खाडीच्या मुखाशी खडकावर उभे असलेले आठ भक्कम बुरूज, आणि त्या किल्ल्यापासून निघून सबंध गावाला कवेत घेणारा तट. त्या तटावरून आजही चालता येते. आम्ही सवयीने तिला विचारले, "इथला राजा कोण?" ती हसून म्हणाली, "इथला राजा हरला. हा किल्ला त्याला हरवणाऱ्यांनी बांधला."

या उत्तराने आमचे पाऊल थबकले. किल्ला म्हटला की आपल्या मनात जो भाव जागा होतो, त्यात 'हा आपला' हे गृहीतच असते. रायगडाच्या पायरीची धूळ कपाळाला लावणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. कॉन्वीची कथा याच्या नेमकी उलट. १२८२च्या डिसेंबरात वेल्सचा राजपुत्र लेवेलिन मारला गेला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने हा किल्ला उभारायला घेतला. त्या जागी एक मठ होता. वेल्सच्या थोर राज्यकर्त्याचे दफन तेथे झालेले होते. एडवर्डने तो मठच दुसरीकडे हलवला. तटाच्या आत इंग्रज वसाहतकरी आणून बसवले. वेल्श माणसाची जागा तटाबाहेर. 'वेल्श' हा शब्दही जेत्यांचाच, त्याचा मूळ अर्थ 'परके'. आपल्याच भूमीत परके ठरलेले हे लोक स्वतःला मात्र 'कम्री', म्हणजे 'एका देशाचे सोबती', म्हणवतात.

दुसऱ्या दिवशी हार्लेखला गेलो. किल्ला उंच कड्यावर आहे. एके काळी समुद्र या कड्याच्या पायथ्याशी येत असे आणि वेढ्यात सापडलेल्या किल्ल्याला जहाजांतून रसद मिळे. शेकड्याहून अधिक पायऱ्यांची ती वाट अजून आहे, पण समुद्र दूर गेला आहे. कड्याखाली आता सपाट जमीन, रेल्वेचा रूळ, पलीकडे वाळूच्या टेकड्या आणि मग निळी रेघ. सिंधुदुर्गाच्या तटावर आदळणाऱ्या लाटा पाहिलेल्या आमच्या डोळ्यांना हा पाठ फिरवलेला समुद्र विलक्षण उदास वाटला.

हाच किल्ला १४०४मध्ये ओवेन ग्लिंडूरने बंड करून जिंकला आणि चार-पाच वर्षे राखला. या बंडखोराने १४०६मध्ये फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या पत्रात वेल्ससाठी दोन विद्यापीठांची योजना मांडली होती. युद्ध चालू असताना विद्यापीठांचा विचार करणारा हा माणूस आम्हां प्राध्यापकांना एकदम जवळचा वाटला. पुढे किल्ला पडला, ग्लिंडूर दिसेनासा झाला. त्याची समाधी कोठे आहे, याचा आजवर निश्चित पत्ता लागलेला नाही.

तिसऱ्या दिवशी बँगोरजवळचा पेनरिन किल्ला पाहिला. हा खरे तर किल्लाच नव्हे. एकोणिसाव्या शतकात एका धनाढ्य घराण्याने मध्ययुगीन थाटात बांधलेला तो वाडा आहे. जमैकातील ऊसमळ्यांवरील गुलामांचे श्रम आणि येथील पाटीच्या दगडाच्या खाणी, या दोहोंतून तो पैसा आला होता. झुंबरे, कोरीव जिने, चित्रे पाहून आम्ही दमलो. मैत्रीण म्हणाली, "आता या घराची दुसरी बाजू दाखवते."

ती बाजू लानबेरिसच्या संग्रहालयात होती. १९६९मध्ये बंद पडलेल्या दिनॉर्विग खाणीच्या कार्यशाळांतच हे पाटीच्या दगडाचे संग्रहालय १९७२पासून वसले आहे (नूतनीकरणासाठी ते नोव्हेंबर २०२४मध्ये बंद करण्यात आले). तेथे खाणकामगारांची छोटी घरे मूळ जागेवरून उचलून जशीच्या तशी पुन्हा उभारलेली होती. त्यांतील एक घर १९०१ सालचे म्हणून मांडले होते. पेनरिनच्या खाणीत तेव्हा संप चालू होता. १९०० ते १९०३, तीन वर्षे तो चालला. 'या घरात गद्दार नाही' अशी वेल्श पाटी संपकरी आपल्या खिडकीत लावीत. आम्हांला १९८२चा गिरणीसंप आठवला.

पण मनात घर करून राहिली ती 'काबान', म्हणजे खाणकामगारांची जेवणाची खोली. दुपारच्या सुटीत तेथे कविता म्हटल्या जात, वादविवाद रंगत, गाणी होत. हे सारे वेल्शमध्ये. नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ'वर वर्गात आम्ही अनेकदा बोललो आहोत. हार्लेखच्या बंडखोराला हवे असलेले विद्यापीठ खाणीच्या त्या धुळीत भरत होते, असे तेथे वाटून गेले. एडवर्डचे किल्ले आज तिकीट काढून पाहायचे अवशेष आहेत. तटाबाहेर ठेवलेली भाषा अजून बोलली जाते.

रात्री जेवताना मैत्रिणीची मुलगी शाळेतील इतिहास सांगत होती. एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत. दुसरे कोणी बोलताना सापडले की तो त्याच्या गळ्यात जाई. दिवसअखेर ज्याच्या गळ्यात तो असेल त्याला शिक्षा. मुलगी वेल्श माध्यमात शिकते. इंग्रजी आणि वेल्श दोन्ही सफाईने बोलते. मराठी मात्र तिला समजते तेवढीच, बोलता येत नाही. मैत्रीण खाली मान घालून म्हणाली, "पाच लाखांच्या भाषेनं माझ्या मुलीला आपलंसं केलं. आठ कोटींची भाषा मी तिला देऊ शकले नाही."

तिचे सांत्वन करण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. आमचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे. त्याच वर्षी त्याच्या रोजनिशीत शेरा आला होता, 'वर्गात मराठीत बोलतो'. त्याखाली पालक म्हणून सही केली होती आम्हीच, मराठी विभागातल्या दोघांनी. आम्ही हे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे अजूनही आपण एकाच वर्गात आहोत."

ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या महाविद्यालयात पेढे वाटले गेले. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसायादीत गेले तेव्हाही आनंद झाला. दोन्ही वेळी कॉन्वीचा तो तट डोळ्यांसमोर उभा राहिला. किल्ले आपले, दर्जाही आपला. मग आपली भाषा तटाबाहेर कोणी काढली? येथे तर कोणी एडवर्ड आलेला नव्हता.

वेल्सहून परतल्यावर मुलाच्या रोजनिशीतील 'पालकांचा अभिप्राय' या रकान्यात आम्ही प्रथमच मराठीत चार ओळी लिहिल्या. शाळेकडून उत्तर आले नाही. पण तसा शेराही पुन्हा आला नाही. मुलगा मात्र ते पान मित्रांना दाखवीत असे. अक्षर कोणाचे, असे त्यांनी विचारले, की म्हणे, "आईबाबांचं. ते मराठी शिकवतात."