अडतीस हजार युरोंचं घर

‘इटलीत नव्वद रुपयांत घर’ ही बातमी वर्षातून दोनतीनदा तरी कुणी ना कुणी मला पाठवतंच. कधी पुण्याची मावशी, कधी कॉलेजातला मित्र. खाली प्रश्न ठरलेला : तू तिथेच आहेस ना, खरं आहे का रे हे? बातमी खरी आहे. सिसिलीतल्या सालेमी गावाचे तेव्हाचे महापौर वित्तोरिओ स्गार्बी यांनी २००८ मध्ये ही एका युरोत घराची कल्पना मांडली आणि २०१९ मध्ये सिसिलीतल्याच साम्बुका गावामुळे ती जगभर गाजली. बातमीत अटी मात्र नसतात. बहुतेक गावं अनामत घेतात, मुदतीत नकाशे मागतात आणि साधारण तीन वर्षांत घर राहण्याजोगं करून दाखवायला सांगतात. म्हणजे एक युरो हा मुहूर्ताचा नारळ, लग्नाचा खर्च पुढेच.

आम्ही पाहिलेलं घर त्या योजनेतलं नव्हतं. साधी खाजगी विक्री होती. मी पार्मात अन्नप्रक्रियेची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करतो. पार्माहून दक्षिणेला आपेन्नीनो डोंगर ओलांडला, की तोस्कानाचं उत्तर टोक लागतं. त्याला लुनिजाना म्हणतात. माग्रा नदीचं खोरं, मालास्पिना सरदारांचे लहानमोठे किल्ले, चेस्टनटची दाट जंगलं आणि उतारांना चिकटलेली दगडी गावं. पोंत्रेमोली हे त्यातलं बाजाराचं गाव. जवळच्या मोंतेरेज्जोचे लोक पाठीवर पुस्तकांच्या टोपल्या घेऊन देशभर विकत फिरायचे. पुस्तकविक्रेते देतात तो बांकारेल्ला पुरस्कार त्यातूनच सुरू झाला. १९५३ चा पहिला पुरस्कार हेमिंग्वेला मिळाला. असा मुलूख मनात भरला नाही तर नवल. आमच्या गावाचं नाव मात्र सांगत नाही, कारण घर अजून विकायला आहे.

जाहिरातीत किंमत होती ३८,००० युरो, त्या वेळच्या भावानं साधारण पस्तीस लाख रुपये. तीन मजले, खाली जनावरांचा गोठा, मध्ये स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, वर माळा. सोबत चेस्टनटच्या रानाचे चार तुकडे. फोटो मे महिन्यातले, दारात गुलाब फुललेला. आम्ही गेलो जानेवारीत. दुपारी दोनच्या सुमाराला सूर्य घरामागच्या धारेआड गेला आणि गाव सावलीत गेलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. घर उत्तरेच्या उतारावर होतं. जाहिरातीत ‘खोऱ्याचं विहंगम दृश्य’ लिहिलं होतं, ते खरंच होतं. दिशा लिहिली नव्हती.

पहिल्या भेटीनंतर वडिलांना, अण्णांना, व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा जन्म राजापूर तालुक्यातला. दर उन्हाळ्यात घर शाकारून घेणारे, त्यामुळे गुलाबाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, “मागच्या बाजूची पागोळी कुठे पडते, ते दाखव.”

मी फोन घेऊन घराच्या मागे गेलो. मागची भिंत आणि डोंगराचा कापलेला उतार यांत जेमतेम हातभर फट. छपराचं सगळं पाणी त्या फटीत पडत होतं आणि बाहेर काढणारं गटार कुठेच नव्हतं. “मग ती भिंत आतून ओली असणार,” अण्णा म्हणाले. आत जाऊन पाहिलं, तर माणसाच्या कमरेपर्यंत क्षार फुटलेले. त्यावर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. दगडमातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा चालतो, त्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटनं ती कोंडली जाते आणि भिंतीत आणखी वर चढते. त्या खोलीला नव्यानं रंग दिला होता, तो कशासाठी ते तेव्हा कळलं.

त्यानंतर आम्ही जेओमेत्रा गाठला. हा इथला एक खास पेशा : मोजणीदार, नकाशे काढणारा आणि छोट्या बांधकामांचा जाणकार, तिन्ही एकाच माणसात. जुन्या घराच्या व्यवहारात दलालापेक्षा त्याच्यावर भिस्त ठेवावी. दलालाला व्यवहार झाला तर पैसे मिळतात, जेओमेत्राला पाहणीचे मिळतात.

तो आधी माळ्यावर चढला. लुनिजानात जुन्या घरांवर कौलं नसतात, वालुकाश्माच्या जाड फरश्या असतात. त्यांना प्यान्ये म्हणतात. पोंत्रेमोलीचा प्यान्यारो किल्ला याच फरश्यांच्या नावानं ओळखला जातो. दिसायला देखणं छप्पर, पण वजन चौरस मीटरला शंभर किलोंच्या वर सहज जातं. ते पेलायला चेस्टनटच्या तुळया. जेओमेत्रानं प्रत्येक तुळईचं भिंतीत घुसलेलं टोक पेचकसानं टोचून पाहिलं. मधला भाग ठणठणीत होता, पण मागच्या बाजूच्या दोन तुळयांची टोकं भुसभुशीत. पाणी तिथूनच झिरपत होतं. जुन्या वस्तीत छपराचं रूप बदलू देत नाहीत, त्यामुळे फरश्या उतरवायच्या, तुळया बदलायच्या आणि त्याच फरश्या पुन्हा बसवायच्या. शिवाय गावाच्या कमानीतून मोटार आत येत नाही. सामान साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या छोट्या गाडीनं आणायचं आणि राडारोडाही तसाच न्यायचा. ठेकेदाराचा अंदाज आला ३२,००० युरोंचा.

मग भिंती. बाहेरून पाऊण मीटर जाडीची भिंत पाहून मला धीर आला होता. जेओमेत्रानं तो घालवला. अशा भिंती बहुधा दोन पदरी असतात. बाहेर एक थर, आत एक थर, मध्ये दगडगोटे आणि माती. हादरा बसला की पदर सुटे होतात आणि भिंत बाहेरच्या बाजूला फुगते. हा भाग भूकंपाचा. ७ सप्टेंबर १९२० ला लुनिजाना आणि शेजारच्या गार्फान्यानात मोठा भूकंप झाला. फिवित्सानोची तर दैना उडाली. जून २०१३ मध्येही धक्के बसले. म्हणून इथल्या जुन्या घरांच्या दर्शनी भिंतीवर लोखंडी पट्ट्या दिसतात. त्या शोभेच्या नसतात. भिंतीतून आरपार गेलेल्या सळ्यांची ती टोकं. समोरासमोरच्या भिंती एकमेकींना त्यांनी बांधलेल्या असतात. शेजारच्या घराला अशा चार होत्या, ‘आमच्या’ घराला एकही नव्हती. सळ्या घालता येतात आणि त्यांचा खर्च बेताचा असतो. पण जुन्या दगडी भिंतींवर काँक्रीटचं जड छप्पर टाकायचा मोह टाळा, असं त्यानं बजावलं. १९९७ च्या उंब्रियातल्या भूकंपात अशा ‘मजबूत’ केलेल्या छपरांखाली कमकुवत भिंती कशा चिरडल्या गेल्या, ते इथल्या अभियंत्यांनी पाहिलेलं आहे.

कागद उघडले आणि मी कोकणात पोहोचलो. कातास्तो या सरकारी नोंदवहीत मालक म्हणून सात नावं होती. त्यातले दोघे अर्जेंटिनात. एक काका वारलेले, पण त्यांच्या वारसांनी नोंदच केलेली नाही. कातास्तो मुळात कर आकारण्यासाठी. मालकी पाहायची तर खरेदीखतं नोंदवणाऱ्या दुसऱ्या दप्तरात जावं लागतं. तिथे साखळी मधेच तुटली होती. राजापूरच्या आमच्या घराच्या सातबारावर अकरा नावं आहेत. त्यातली चार माणसं मी कधी पाहिलेली नाहीत आणि घराला कुलूप आहे. त्यामुळे सात वारस म्हणजे काय, हे मला दलालानं समजावून सांगायची गरज नव्हती. सातांपैकी सहा तयार असले तरी घर विकलं जात नाही. आणि एखाद्यानं आपला हिस्सा परस्पर विकायला काढला, तर सहवारसांना तो आधी घेण्याचा हक्क असतो. त्यासाठी त्यांना दोन महिने मिळतात.

नकाशात आणखी दोन गोष्टी निघाल्या. स्वयंपाकघराच्या वरची एक खोली मुळी या घराची नव्हतीच, शेजाऱ्याची होती. दाट वस्तीतली ही घरं अशीच एकमेकांत गुंतलेली असतात, कुणाची खोली कुणाच्या डोक्यावर. आणि गल्लीवर बाहेर काढलेलं न्हाणीघर कुठल्याच नकाशात नव्हतं. १ सप्टेंबर १९६७ पूर्वीचं बांधकाम असेल, तर तसं लिहून देऊन विक्री करता येते. घर जुनं होतं, पण न्हाणीघराच्या फरशा सत्तरच्या दशकातल्या दिसत होत्या. ते एकतर नियमित करून घ्यायचं, नाहीतर पाडायचं. घराची प्रत्यक्ष स्थिती नोंदीतल्या नकाशाशी जुळते, हे खतात लिहावं लागतं. २०१० पासून तो नियमच आहे. रानाच्या तुकड्यांचा फेरा वेगळाच. लगतचा शेतकरी स्वतः कसणारा असेल, तर शेतजमिनीवर पहिला हक्क त्याचा. त्याला रीतसर कळवायचं आणि तीस दिवस थांबायचं. कळवलं नाही, तर खत नोंदवल्यापासून वर्षभरात तो जमीन सोडवून घेऊ शकतो.

दलाल मात्र घाईत होता. आणखी एक जर्मन जोडपं पाहून गेलंय, तीन हजारांचा धनादेश देऊन प्रस्तावावर सही करा, बाकी नोटरी पाहील. नोटरी पाहतो हे खरं, पण तोवर पैसे अडकलेले असतात. हा विसार साधा नसतो. खरेदीदार मागे फिरला तर तो बुडतो, विकणारा फिरला तर त्याला दुप्पट द्यावा लागतो. म्हणून सही करायचीच असेल तर ‘वारसनोंद आणि न्हाणीघर नियमित झाल्यावरच व्यवहार’ अशी अट प्रस्तावातच घालावी लागते. मी ती अट सांगितल्यावर दलालाचा उत्साह पुष्कळ ओसरला.

गावाचाही अंदाज घ्यायला हवा होता. समोरच्या घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी आम्हाला चुलीजवळ बसवून कॉफी दिली आणि न विचारता हिशेब सांगितला. हिवाळ्यात गावात अकरा माणसं, ऑगस्टमध्ये शंभराच्या वर. पाववाल्याची गाडी आठवड्यातून दोनदा कमानीपाशी येऊन हॉर्न वाजवते. बार बंद झाला, डॉक्टर पोंत्रेमोलीला. गॅसची वाहिनी आलेली नाही, लाकडं जाळायची किंवा टाकी बसवायची. “तुम्ही राहायला येणार, की उन्हाळ्यात?” त्यांनी विचारलं. बायकोनं खरं तेच सांगितलं : शनिवार-रविवार आणि थोड्या सुट्ट्या. आजी म्हणाल्या, “सगळे तसंच म्हणतात.”

परतताना गाडीत बायकोनं आकडे मांडले. कर बाजारभावावर नव्हे, कातास्तोतल्या मूल्यावर लागतो. घराचं नोंदलेलं वार्षिक उत्पन्न १८० युरो, त्याला १२६ नं गुणलं की २२,६८०. दुसरं घर म्हणून त्यावर ९ टक्के, म्हणजे दोन हजारांहून थोडे जास्त. आम्ही तिथे रहिवास हलवला असता तर २ टक्के दर, म्हणजे किमान कर म्हणून हजार युरोंत भागलं असतं, आणि दरवर्षीचा घरकरही लागला नसता. पण नोकरी पार्मात. हा कर, नोटरी, दलाली, जेओमेत्रा धरून वरखर्च सात हजार. छप्पर बत्तीस. ओल, सळ्या, वीज, शेगडी, न्हाणीघर मिळून पंचवीस. एकूण १,०२,००० युरो. खालच्या मोठ्या गावात, दारापर्यंत रस्ता असलेलं, दुरुस्त करून झालेलं, दक्षिणमुखी घर ८५,००० ला विकायला होतं. तेवढ्या एका ओळीनं गुलाबाची मोहिनी उतरली.

मावशीच्या आणि मित्राच्या प्रश्नालाही इथेच उत्तर देतो. माझ्याकडे नोकरीमुळे इटलीत राहण्याचा परवाना आहे, म्हणून मला घर घेता येतं. भारतात राहणाऱ्या भारतीयाला परस्पर सवलतीच्या नियमातून जावं लागतं, ते आधी नोटरीकडून तपासून घ्या. आणि घर झालं म्हणून राहायचा हक्क मिळत नाही. पर्यटक व्हिसावर १८० दिवसांतले ९० दिवस, मग तुम्ही घरमालक असा वा हॉटेलातले पाहुणे. घर पाहायला जायचं असेल तर जानेवारीत जा, शक्यतो पावसात. मागची भिंत आधी पाहा आणि वारस किती ते पहिल्या फोनवरच विचारा.

आम्ही दलालाला लेखी कळवलं : सातही वारसांच्या सह्या, काकांची वारसनोंद आणि न्हाणीघराचा निकाल लागला, तर पंधरा हजार देऊ. पंधरा का, तर त्यात एकूण खर्च ७९,००० वर येतो आणि खालच्या घराच्या ८५,००० च्या मानानं, छप्पर उघडल्यावर निघणाऱ्या भानगडींसाठी सहा हजार हाताशी राहतात. वारसांनी नकार दिला. घर अजून जाहिरातीत आहे, किंमत ३४,००० झाली आहे. आमचा आकडा पंधरा हजारच.