पश्चिमेचा बांध

घोटीच्या आमच्या घरात पाऊस छपरातून कमी आणि पश्चिमेच्या भिंतीतून जास्त शिरायचा. घाटमाथा हाकेच्या अंतरावर, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि थळघाट चढून आलेला वारा. मृगाआधी त्या भिंतीला कारवीचा कूड आणि गवताची झड बांधायची, हे दरसालचं काम. तरी आषाढात कौलं सरकायचीच. मग घरातली सगळी पातेली गळतीखाली लागायची आणि आम्ही सख्खी-चुलत भावंडं मधल्या खोलीत एकमेकांना चिकटून झोपायचो.

१९८२ मध्ये सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला आणि गावोगाव सुबाभूळ पोचली. थोरल्या काकांनी ती पश्चिमेच्या बांधावर लावली. शेळ्यांनी फस्त केली. तेव्हा आजीनं करंजाच्या बिया टोकायला लावल्या आणि वाऱ्याच्या बाजूला निरगुडीच्या काड्या खोचल्या. दोन्हींना शेळी सहसा तोंड लावत नाही. कोपऱ्यावर कळकाचं बेट आलं.

आजीचा एक हट्ट होता. राबासाठी सगळा गाव झाडांच्या फांद्या उतरवायचा, पण या ओळीच्या खालच्या फांद्यांना कोयता लावायचा नाही. "खाली मोकळं राहिलं की वारा पायातून शिरतो," ती म्हणायची. तिचं अगदी खरं होतं. नुसत्या बुंध्यांच्या मधून वारा उलट जोरात सुटतो. भक्कम भिंत बांधली तर तो वरून उडी घेऊन पलीकडे आदळतो. पानांतून थोडा गाळून सोडला, की झाडांच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत त्याचा जोर मोडलेला राहतो.

खड्डे पुरुषांनी खणले, पण झाडं जगवली ती आजी, आई आणि काकूंनी. आमच्याकडे पावसाळा असा, तरी चैत्रात विहिरीचा तळ दिसायचा. तालुक्यात १९१६ सालचं दारणा धरण आहे, पण घरातलं पाणी डोक्यावरूनच यायचं. त्यातलंच भांडी विसळलेलं पाणी काकू तांब्यानं एकेका करंजाच्या बुडाशी ओतायची, तेही संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. हे आम्ही रोज पाहिलं आणि त्याला काम म्हणून मोजलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

करंज कौलांच्या वर गेले तशी झड बांधणं बंद झालं. गरव्या भाताच्या उंच जाती निसवताना आडव्या व्हायच्या, त्या खाचरात उभ्या राहू लागल्या. बांधालगत सावलीत भात विरळ यायचा, त्यावरून चुलत्यांची कुरकुर असे. पण चिखलणीत गाडायला शेंड्याकडचा करंजाचा पाला फुकट मिळायचा, हेही तेच कबूल करायचे.

कळक एकदाच फुलतो आणि मरतो. आमचंही बेट तसंच गेलं. त्या खिंडारातून गेल्या पावसाळ्यात गोठ्याचे पत्रे उडाले. या जूनला तिथं करंज आणि निरगुडी लावायची ठरली आहे. उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळ्या या वेळी पुरुषांनी घ्यायच्या, असं थोरल्या काकूनं सांगून टाकलं आहे, आणि आम्ही पाळ्या वाटूनही घेतल्या आहेत.