सूनबाईंची साक्ष

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या घरांत इतक्या सहजतेने उच्चारली जाते, की तिच्या आड एखादी व्याधी दडलेली असू शकेल हे ध्यानातही येत नाही. चष्मा कोठे ठेवला हे न आठवणे हा वयाचा धर्म. परंतु चष्मा कशासाठी असतो हेच आठवेनासे झाले, तर ते म्हातारपण नव्हे, आजार होय. वैद्यकशास्त्र त्यास स्मृतिभ्रंश म्हणते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख माणसे या व्याधीने ग्रस्त आहेत. शंभरांत सातांहून अधिक, असे हे प्रमाण पडते. आपल्या ओळखीच्या दहा-वीस घरांत मिळून एक तरी अशी आजी किंवा असे आजोबा निघावेत, हे म्हणूनच नवल नव्हे.

मेंदूवरील संशोधन म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठी यंत्रे आणि पांढरे डगले घातलेली माणसे उभी राहतात. तथापि ज्या संशोधनाविषयी आम्ही लिहिणार आहोत, त्याची प्रयोगशाळा म्हणजे हैदराबादच्या पंजागुट्टा भागातील निजाम आयुर्विज्ञान संस्थेतील स्मृतिविकारांचा दवाखाना होता. २००६ ते २०१२ या काळात तेथे निदान झालेल्या ६४८ स्मृतिभ्रंश-रुग्णांच्या नोंदी डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासल्या. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुभाष कौल, भाषाविज्ञानाच्या अभ्यासक वसंता दुग्गिराला, हैदराबाद विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ बापिराजू सुरंपुडी आणि दूर एडिंबरो येथील थॉमस बाक ही मंडळी त्यांच्या समवेत होती. प्रश्न साधा होता. एकच भाषा बोलणाऱ्यांना आणि दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सारख्याच वयात गाठतो काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर आजार केव्हा सुरू झाला, हे आधी कळले पाहिजे. ते यंत्र सांगत नाही, रुग्णास तर सांगताच येत नाही. ते सांगतात घरची माणसे.

याचा अनुभव आम्हांस आमच्या आत्याबाईंच्या आजारपणात आला. त्यांचा सारा जन्म काचीगुड्यात गेला. भाजीवालीशी तेलुगू, शिंप्याशी दखनी आणि घरात मराठी, असा त्यांचा दिवस तीन भाषांतून जाई. शहरातील ज्या डॉक्टरांकडे त्यांना नेले, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे केव्हापासून?" मुलगा म्हणाला, दोन वर्षे झाली असतील. जावई म्हणाले, छे, एखादे वर्ष. सूनबाई मात्र थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ज्या वर्षी महालक्ष्म्यांच्या पुरणात आत्यांनी गूळ घातलाच नाही, त्या वर्षापासून. त्याला या भाद्रपदात चार वर्षे होतील." डॉक्टरांनी हातातील कागदावर तो आकडा लिहिला.

पंजागुट्ट्याच्या त्या ६४८ नोंदींतही आजाराच्या आरंभीचे वय असेच घरच्या विश्वासू माणसाला विचारून ठरविलेले होते. प्रत्येक आकड्यामागे असे एखादे स्वयंपाकघर, चुकलेला एखादा हिशेब, परतीची न सापडलेली एखादी वाट असणार. शास्त्रज्ञांची नावे निबंधावर छापली जातात आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या इतक्याच मोलाची साक्ष देणाऱ्या या सुना, मुले आणि जन्माचे सोबती कोठेही नावाने नोंदले जात नाहीत.

दुसरा पेच परीक्षेचा. स्मरणशक्ती तपासण्याच्या चाचण्या प्रथम इंग्रजीत रचल्या गेल्या. त्यांपैकी एकीत एका इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगावयाची असतात. ज्या बाईने कधी पाटीला हात लावला नाही, तिला हे विचारून काय कळणार? म्हणून हरियाणातील बल्लभगड परिसरात काम करणाऱ्या संशोधकांनी १९९५ च्या सुमारास हिंदी चाचणी तयार करताना आठवड्याचे वार उलटे सांगावयास लावले. वार तर निरक्षरालाही ठाऊक असतात! हैदराबादेतही तेलुगू आणि हिंदी भाषकांसाठी चाचण्या अशाच बेतून घ्याव्या लागल्या. केवळ भाषांतराने हे साधत नाही, त्यासाठी समोरच्या माणसाचे जगणे ठाऊक असावे लागते.

२०१३ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ६४८ पैकी ३९१ रुग्ण एकाहून अधिक भाषा बोलणारे होते, आणि एकभाषिकांच्या तुलनेत त्यांच्यात आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली होती. असाच निष्कर्ष कॅनडातील टोरांटो येथे एलेन बियालिस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडला होता. परंतु तेथील द्विभाषिकांत परदेशांतून येऊन स्थायिक झालेले पुष्कळ होते, त्यामुळे हा गुण भाषेचा की देशांतर करणाऱ्या धडधाकट माणसांचा, अशी शंका राहिली. हैदराबादेत दोन भाषा बोलणारा माणूस त्याच गल्लीत जन्मलेला असतो. शिवाय शाळेची पायरीही न चढलेल्या रुग्णांत हे अंतर सुमारे सहा वर्षांचे आढळले, तेव्हा हे केवळ शिक्षणाचे फळ आहे असेही म्हणता येईना. तिसरी-चौथी भाषा येत असल्याने अधिक लाभ मात्र दिसला नाही. पुढे २०१६ साली याच मंडळींनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षाघातानंतरही बुद्धी शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत शेकडा ४० च्या वर, तर एकभाषिकांत शेकडा २० च्या आत होते.

याची उपपत्ती अशी सांगतात. दोन भाषा जाणणाऱ्याच्या मनात दोन्ही जाग्या असतात. बोलताना एकीस पुढे करावे लागते, दुसरीस आवरावे लागते. जन्मभराच्या या व्यायामाने मेंदूत शिल्लक साठते. आजार टळत नाही. परंतु कणगीत धान्य अधिक असले, की दुष्काळाची झळ उशिरा लागते, तसे हे आहे.

तथापि या निष्कर्षांवर वाजवीपेक्षा अधिक भार टाकू नये, हेही सांगितले पाहिजे. हे आकडे दवाखान्यात पोहोचलेल्या रुग्णांचे आहेत. निरोगी वृद्धांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या काही अभ्यासांत दोन भाषांचा असा लाभ आढळलेला नाही. आमच्या आत्याबाईंनाही तीन भाषा येत होत्या, आणि आजाराने त्यांना सोडले नाही. तेव्हा मुलांना मराठी शिकवावी ती औषध म्हणून, असे आम्ही म्हणणार नाही.

मग कशासाठी? आत्याबाईंच्या आजारात प्रथम तेलुगू मागे पडली, मग दखनी गेली, शेवटी मराठी तेवढी उरली. उतारवयातील या व्याधीत मागाहून शिकलेली भाषा आधी विरते आणि माणूस मायबोलीकडे परततो, असे पुष्कळ घरांत दिसते. त्यांचा नातू प्रेमळ, आजीजवळ तासन् तास बसणारा. पण तो इंग्रजी शाळेत वाढलेला, घराबाहेर हिंदी बोलणारा. आजीने "पाणी तापलं का रे?" म्हणून विचारले, की तो उत्तरासाठी आईकडे पाही. आजी नातवाकडे पाहत राही. एकाच घरात, एकाच खाटेजवळ, त्या दोघांना दुभाष्या लागत होता.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत बाहेरची भाषा आपोआप येते, घरची मात्र राखावी लागते. ती राखली तर मेंदूची शिल्लक वाढो वा न वाढो, आजीच्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणीतरी घरात असेल. आणि ज्या घरांत आज एखादे वडीलधारे माणूस तेच तेच पुन्हा विचारू लागले असेल, त्यांनी ती म्हण बाजूस ठेवून पहिल्या चुकीचा महिना आणि वर्ष एका वहीत टिपून ठेवावे, आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. तेथे पहिला प्रश्न तोच विचारला जाण्याचा संभव आहे.