पीरभॉयची गाडी

2023 च्या डिसेंबरात दुलाभाईंनी पुण्याहून भाड्याची कॅराव्हॅन आणली. आत चौघांची झोपायची सोय, शेगडी, छोटा फ्रिज, अगदी संडाससुद्धा. घाट उतरून ती खोपोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि आत शिरेना. बघायला सगळा मोहल्ला जमला.

बेत असा होता, की पहिली रात्र खालापूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतावर काढायची आणि दुसऱ्या दिवशी चौकवरून कर्जतकडे जायचं. रात्री जेवणं झाल्यावर अम्मी हळूच म्हणाली, "मला उद्या नेरळला न्या. गाडीत बसायचंय."

"अम्मी, गाडीतच तर बसलीयस."

"ही नाही. पीरभॉयची गाडी."

आम्ही सगळे गप्प झालो, कारण हा अब्बांचा शब्द होता. नेरळ-माथेरानच्या गाडीला सगळं जग 'टॉय ट्रेन' किंवा 'मिनी ट्रेन' म्हणतं. अब्बा मात्र कायम 'पीरभॉयची गाडी'च म्हणायचे. कारखान्यात पाळी करून आले, की चहा पिता पिता ते आम्हाला तिची हकीकत सांगत. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले मोठे बोहरी व्यापारी. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने 1904 मध्ये काम सुरू केलं आणि 1907 च्या मार्चमध्ये गाडी डोंगरावर पोचली. खर्च आला सोळा लाख रुपये, त्या काळातले! रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. "आपल्या माणसाने बांधलीय," असं ते शेवटी म्हणत, "सदका-ए-जारिया आहे ती."

कॉलेजात गेल्यावर मला हे खटकायला लागलं. मी वाद घालायचो. "अब्बा, ते बोहरे, गुजराती बोलणारे, लक्षाधीश. आपण कोकणी, गिरणीत राबणारे. आपला माणूस कसा? आणि सदका कसला? मुंबईच्या साहेबांना आणि शेठांना हवा खायला न्यायचा तो धंदा होता. डोंगर फोडणाऱ्या मजुरांची नावं आपल्याला ठाऊक तरी आहेत का?" अब्बा हसायचे आणि विषय बदलायचे. गंमत म्हणजे ते स्वतः त्या गाडीत कधी बसले नाहीत. तीन मुलं, घरभाडं, पाळ्या. "पुढच्या ईदला जाऊ," हे वाक्य मी निदान दहा ईदना ऐकलं असेल.

2019 च्या पावसाने रूळ वाहून गेले आणि नेरळहून वर जाणारी गाडी थांबली. 2020 मध्ये अब्बा गेले. ऑक्टोबर 2022 मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा अम्मीने टीव्हीवर बातमी पाहिली होती. तेव्हा ती काहीच बोलली नव्हती.

सकाळी कॅराव्हॅन नेरळला उभी केली आणि रांगेत राहून तिकिटं काढली. अम्मीचे गुडघे दुखतात, पण डब्यात ती स्वतःच चढली. डबा इतका अरुंद, की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात. समोर नाशिकचं एक कुटुंब होतं. त्यांच्या आजींनी अम्मीला चिक्की दिली, अम्मीने त्यांना घरचे खजूर. जुम्मापट्टी येईपर्यंत दोघी एकमेकींच्या सांधेदुखीवर आल्या होत्या.

गाडी पळत नाही, चढते. वीसेक किलोमीटरला अडीच तासांहून जास्त. वळणं इतकी तीव्र, की खिडकीतून आपलंच इंजिन शेजारून चाललेलं दिसतं. सरळ चढ जिथे झेपणार नाही तिथे रूळ डोंगराला वळसे घालत जातात, म्हणून खाली नेरळ कधी डावीकडे दिसतं, कधी उजवीकडे. वाटेत एकच बोगदा, 'वन किस टनेल'. मुलीने नावाचा अर्थ विचारला, तेव्हा मी वॉटर पाईप स्टेशनबद्दल सांगू लागलो. अम्मी पदराआड हसली.

मग मुलीला पीरभॉयची हकीकत सांगितली. तिने लगेच विचारलं, "मग आता ही गाडी त्यांची आहे का?"

"नाही. आता मध्य रेल्वेची आहे."

"म्हणजे त्यांचं काहीच राहिलं नाही?"

मी काही बोलायच्या आत अम्मी म्हणाली, "तुझा बाप आजोबांशी भांडायचा. म्हणायचा, नफ्यासाठी बांधली. बांधली असेल. तो नफा कुठे गेला कुणाला ठाऊक, गाडी राहिली. आपण बसलोय ना तिच्यात?"

माझ्याकडे उत्तर होतं. सदक्याला नियत लागते, असं मी म्हणू शकलो असतो. पण नियत अल्लाह जाणे. आणि ज्यांची नावं ठाऊक नाहीत त्या मजुरांचं काय, हा माझा प्रश्न अजूनही उभाच आहे. तो मी सोडलेला नाही. फक्त हे तेव्हा उमगलं, की अब्बांना शेठचं कौतुक नव्हतंच. आपल्यासारखं नाव असलेल्या कुणीतरी या डोंगरावर सगळ्यांना उपयोगी पडेल असं काही केलंय, एवढं त्यांना मुलांना सांगायचं होतं. पाळीवरून दमून आलेल्या माणसाला तेवढी एकच श्रीमंती घरी आणता येत होती, आणि मी तिचा हिशेब मागत होतो.

माथेरान स्टेशनवर उतरल्यावर अम्मी बाकावर बसली आणि दुआला हात उचलले. बराच वेळ लावला. मी विचारलं, "अब्बांसाठी?"

"त्यांच्यासाठी, पीरभॉयसाठी," ती म्हणाली, "आणि तुझ्या त्या मजुरांसाठीही. आता चहा पाज."