चोविसावा हिस्सा

मोटारगाडीची लघुप्रतिकृती घडवण्याची कला वरवर पाहता भागाकाराची कला वाटते: मूळ गाडीचे प्रत्येक माप एका ठरावीक संख्येने भागायचे आणि आलेल्या मापाचा भाग करून जागच्या जागी बसवायचा. ही संख्या म्हणजेच प्रतिकृतीचे प्रमाण. १:२४ या प्रमाणात मूळच्या एका फुटाला अर्धा इंच धरला जातो, त्यामुळे चार मीटर लांबीची गाडी सुमारे सतरा सेंटिमीटरांत मावते. १:४३ हे काहीसे विचित्र वाटणारे प्रमाण ब्रिटनमधील लघु आगगाड्यांकडून आले, कारण तेथे फुटाला सात मिलिमीटर धरण्याची रीत होती आणि मोटारी त्या रुळांशेजारी शोभून दिसायला हव्या होत्या. मात्र भागाकार सर्व राशींना सारखा लागू होत नाही, आणि या कलेतले कष्ट व सौंदर्य दोन्ही तेथूनच सुरू होतात. लांबी चोवीस पटींनी घटते तेव्हा पृष्ठफळ ५७६ पटींनी आणि घनफळ १३,८२४ पटींनी घटते, म्हणून एक टन वजनाची गाडी तिच्याच धातूंत काटेकोरपणे उतरवली तर तिचे वजन जेमतेम ७२ ग्रॅम भरेल. कोन मात्र तसूभरही घटत नाही.

धातूचा आग्रह कशासाठी, याचे उत्तर जाडीत आहे. गाडीच्या अंगाचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि चोविसाव्या हिश्शात ती जाडी ०.०३३ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पानाच्या निम्म्याहूनही कमी होते. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकची भिंत सहसा एक मिलिमीटरच्या आसपास असते; मूळ गाडीच्या मापात ती चोवीस मिलिमीटरांची, चिलखती वाहनाला शोभेल अशी ठरेल. बंद पेटीसारख्या भागांत ही जाडी लपून जाते, परंतु जेथे कडा उघडी पडते, म्हणजे मडगार्डच्या खालच्या ओठापाशी, उचललेल्या बॉनेटच्या काठावर किंवा खिडकीच्या चौकटीत, तेथे डोळा तत्क्षणी फसवणूक ओळखतो. पितळेचा, तांब्याचा किंवा जर्मन सिल्व्हरचा (तांबे, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू असून त्यात चांदी नसते) एक-दोन दशांश मिलिमीटरचा पत्रा आपला आकार धरून उभा राहतो, आणि त्याची कडा कानशीने आणखी निमुळती करता येते. हातांनी घडवलेला धातूचा भाग प्लॅस्टिकहून अधिक खरा वाटतो तो आधी या कडेमुळे, आणि नंतर त्या भागाच्या घडणीमुळे. कारण मूळ गाडीचा पत्रा ज्या क्रियांनी वळला, त्याच क्रियांनी हा इवलासा पत्राही वळलेला असतो.

मडगार्डसारखा दुहेरी बाक असलेला भाग घडवताना कारागीर आधी लाकडाचा ठोकळा कोरतो आणि त्यावर तांब्याचा पातळ पत्रा हलक्या ठोक्यांनी बसवत नेतो. ठोके पडत गेले की तांबे कडक होते आणि पुढे वळण्याऐवजी चिरू लागते. तेव्हा त्याला लाल होईपर्यंत ताव देऊन पुन्हा मऊ करावे लागते, आणि ठोकणे व तावणे यांची ही फेरी आकार पुरा होईपर्यंत चालते. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर मठारकाम होते, म्हणजे तांब्यावर एकसारखे ठोके देऊन त्याला बळकटी व चकाकी आणली जाते, तेही धातूच्या याच गुणाच्या आधाराने. फरक एवढाच की तांबटाला ठोक्याची खूण हवी असते आणि प्रतिकृतिकाराला ती अखेरच्या खुणेपर्यंत घालवावी लागते. येथे न घटणारा कोन आडवा येतो. चकाकणाऱ्या पृष्ठावर दूरच्या खिडकीचे प्रतिबिंब कोठे आणि कसे पडेल, हे त्या पृष्ठाच्या आकारमानावर नव्हे, तर प्रत्येक बिंदूपाशी ते किती कललेले आहे यावर ठरते, आणि म्हणून उत्तम घडलेल्या छोट्या मडगार्डवरून प्रकाशाची रेघ अगदी मोठ्या गाडीवरून वाहावी तशीच वाहते. परंतु याच नियमाने दोषही पूर्ण मापाचा राहतो: दोन मिलिमीटर रुंदीत एक दशांश मिलिमीटर खोल गेलेला खळगा प्रकाशाची रेघ तेवढीच मोडतो, जेवढी मूळ गाडीवरचा अट्ठेचाळीस मिलिमीटर रुंदीचा आणि २.४ मिलिमीटर खोलीचा पोचा मोडेल. छोटी वस्तू असल्याने छोटी चूक खपून जाईल, ही समजूत या कामात एक दिवसही टिकत नाही.

तारांचे चाक हा या कलेचा सर्वांत समृद्ध प्रांत आहे, आणि प्रतिकृतीपुढे उभा राहिलेला जाणकार आधी चाकाकडे पाहतो ते योग्यच आहे. बैलगाडीच्या चाकात आरे भार खालून तोलतात. तारांच्या चाकात प्रत्येक तार आधीच ताणून बसवलेली असते आणि गाडीचा भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा सैलावतो, इतकेच. तारा तुंब्याला सरळ न मिळता स्पर्शरेषेच्या दिशेने तिरक्या मिळतात, कारण इंजिनाची आणि ब्रेकची पीळ देणारी ओढ त्यांना धावेपर्यंत पोहोचवायची असते. बुगाटी कंपनीच्या १९३३ सालच्या टाइप ५९ या शर्यतीच्या गाडीत मात्र हे काम वेगळे केलेले होते: पीळ देणारी ओढ दातेरी कड्यावाटे थेट धावेला मिळे आणि पियानोच्या तारांसारख्या अतिशय बारीक तारा केवळ भार पेलत, म्हणून त्या तुंब्यापासून सरळ किरणांसारख्या निघत. ज्याला हा भेद ठाऊक नाही, त्याच्या हातून टाइप ५९ चे चाक चुकीचे घडेल, मग त्याची तार कितीही बारीक असो.

इटलीतील मिलानच्या बोरानी कंपनीच्या अनेक चाकांत ७२ तारा असत. पंधरा इंची धाव चोविसाव्या हिश्शात सोळा मिलिमीटर व्यासाची होते, तिचा परीघ पन्नास मिलिमीटर भरतो, आणि त्यात बहात्तर छिद्रे निरनिराळ्या ओळींत, निरनिराळ्या तिरपेपणाने पाडायची असतात. त्यासाठी लेथवर फिरवून केलेले कडे विभाजक चकतीवर, म्हणजे वर्तुळ समान अंशांत थांबत थांबत फिरवणाऱ्या साधनावर धरतात आणि दर पाच अंशांवर एक छिद्र पाडतात. मग धाव आणि तुंबा एका साच्यात पक्के धरून ०.२ मिलिमीटरची तार एकेका छिद्रातून ओवली जाते, आधी आतली ओळ, मग बाहेरची. आणि चार चाकांबरोबर अतिरिक्त चाक धरले तर ही ओवणी ३६० वेळा होते. तुरिन येथील पोशेर कंपनीच्या १:८ प्रमाणाच्या जुन्या संचांत तारा एकेक करून बसवण्याचे काम घेणाऱ्यावरच सोपवलेले असे, आणि अनेकांनी हा धडा तेथेच गिरवला. इंग्रज कारागीर जेराल्ड विन्ग्रोव्ह यांनी तर अशा प्रतिकृती घडवणे हाच आयुष्याचा व्यवसाय केला आणि आपली रीत पुस्तकांतून उघड केली. ज्या क्षेत्रात युक्ती लपवून ठेवण्याचा मोह सहज होतो, तेथे हे औदार्य फार मोलाचे आहे.

भाग जोडताना क्रम सर्वस्व असतो. चांदीमिश्रित कठीण डाख सहाशे अंश सेल्सिअसच्या वर वितळतो, कथील आणि शिसे यांचा नेहमीचा डाख १८३ अंशांवर वितळतो, आणि बिस्मथमिश्रित नरम डाख सत्तर अंशांच्या आसपासच पाघळतो. म्हणून चौकटीचे मूळ सांधे सर्वांत कठीण डाखाने आधी आणि वरचे बारीक अलंकार सर्वांत नरम डाखाने शेवटी जोडतात, नाहीतर दिव्यासाठी लावलेली आच रेडिएटर उकलते. कठीण डाखासाठी धातू स्वच्छ राखणारा टाकणखार सोनार वापरतो तोच येथेही चालतो.

सपाट नक्षीच्या भागांसाठी प्रकाशाच्या साहाय्याने धातू कोरण्याची पद्धत वापरतात: पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाने घट्ट होणारा लेप देऊन त्यावर रेखाटनाची छाया पाडतात आणि उघडा राहिलेला धातू फेरिक क्लोराइडने खाऊन टाकतात. ही पद्धत नावाची पाटी, डॅशबोर्ड किंवा पट्ट्यांची चौकट यांसाठी निर्दोष आहे. जाळीसाठी मात्र ती अपुरी पडते. १९३० च्या सुमाराच्या साडेचार लिटरच्या ब्लोअर बेंटलीपुढे दगडांपासून बचावाची जाळी असे, आणि विणलेल्या जाळीतील तार शेजारच्या तारेच्या एकदा वरून, एकदा खालून जाते, त्यामुळे प्रत्येक गाठीवर प्रकाशाचा एक ठिपका आणि सावलीचा एक ठिपका पडतो. कोरलेली जाळी सपाट असल्याने हा लुकलुकाट तिच्यात येत नाही. म्हणून काही कारागीर लहानशा मागावर तार ताणून जाळी खरोखर विणतात, आणि त्यांचे श्रम सर्वथा सार्थ आहेत.

इंजिन प्रत्यक्ष चालवायचे ठरले की भागाकाराला निसर्गच नकार देतो. अमेरिकेतील लुई चेनॉट यांनी १९३२ सालच्या ड्यूसेनबर्ग एसजे या गाडीची १:६ प्रमाणातील चालती प्रतिकृती अनेक वर्षांच्या कामानंतर पुरी केली. मूळ गाडीचे एका ओळीत आठ सिलिंडर असलेले इंजिन ६.९ लिटरचे होते. सरळ भागाकाराने त्याचे घनफळ बत्तीस घन सेंटिमीटर, म्हणजे दर सिलिंडरला चार घन सेंटिमीटर येते. एवढ्याशा पोकळीत आत कोंडलेल्या वायूच्या मानाने भिंतीचे क्षेत्र सहा पटींनी अधिक असते, त्यामुळे ज्वलनाची उष्णता दट्ट्याला ढकलण्याआधीच धातूत शिरते. शिवाय पेट्रोलचा थेंब आणि ठिणगीला लागणारी फट यांना प्रमाण ठाऊक नसते. अशा इंजिनाचा बाह्य आकार ड्यूसेनबर्गचा आणि आतील वाटा स्वतःच्या अभ्यासाने शोधलेल्या, असा दुहेरी संसार कारागिराला करावा लागतो. फ्रान्समधील पिएर स्केरी यांच्या फेरारी ३१२ पीबीच्या १:३ प्रमाणातील चालत्या प्रतिकृतीतही हीच झुंज होती, आणि त्यांना तर इंजिनाचा मूळ आवाजही हवा होता.

हातांनी घडवलेल्या मूळ गाड्यांविषयी आणखी एक प्रश्न उरतो. मिलानच्या तुरिंग या कारखान्यात बारीक पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर हातांनी ठोकलेला ॲल्युमिनियमचा पत्रा चढवत, आणि अशा गाड्यांची डावी-उजवी बाजू मोजू गेल्यास नेमकी सारखी निघत नाही. प्रतिकृतीत ती विषमता राखावी, की मूळ कारागिराच्या मनातली समता साधावी? ती राखावी, हेच अधिक न्याय्य वाटते, कारण लघुप्रतिकृती कल्पनेची नव्हे, एका घडलेल्या वस्तूची असते.

परंतु वस्तूच उरलेली नसेल, तर? झाँ बुगाटी यांनी रेखलेल्या टाइप ५७ एससी अटलांटिक या गाड्या चारच झाल्या. त्यांच्या आधीची, १९३५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेली एरोलिथ ही गाडी इलेक्ट्रॉन नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. हा धातू सहज पेट घेत असल्याने त्याचे पत्रे वितळवून जोडणे अवघड, म्हणून दोन्ही अर्धांगांच्या कडा वर उचलून त्या रिव्हेटांनी एकत्र आवळल्या होत्या. अटलांटिक ॲल्युमिनियमची झाली, रिव्हेटांची गरज संपली, तरी पाठीवरचा तो उभा कणा शोभेसाठी तसाच राहिला. चौघींपैकी एक, ५७४५३ या चासी क्रमांकाची, झाँ यांनी स्वतःकडे ठेवलेली काळी गाडी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाहीशी झाली आणि आजवर सापडलेली नाही. तिची प्रतिकृती करणाऱ्याजवळ असतात ती जुनी छायाचित्रे, भगिनी गाड्यांची मापे आणि दोन आसांमधले २.९८ मीटर अंतर, जे चोविसाव्या हिश्शात १२४ मिलिमीटर होते. त्या अंतराला एकक धरून, कॅमेऱ्याजवळचे आणि दूरचे यांतील फरक हिशेबात घेऊन, एकेक रेषा ठरवावी लागते. येथे कारागिराला एक अनपेक्षित साहाय्य मिळते: त्यालाही गाडीचे अंग डावे आणि उजवे असे दोन तुकड्यांत ठोकावे लागत असल्याने मूळ गाडीत निरुपयोगी झालेला कणा त्याच्या हातात पुन्हा कामाचा होतो. दोन्ही कडा वर वळवून, त्यांत छिद्रे पाडून, प्रत्येक छिद्रात बारीक तार ओवून तिची टोके दोन्ही बाजूंनी ठोकली की गाडी सांधली जाते. आणि रंगाचा प्रत्येक हात अगदी विरळ द्यावा लागतो, कारण मूळ गाडीवर दशांश मिलिमीटर भरणारा थर चोविसाव्या हिश्शात एका मिलिमीटरचा सुमारे अडीचशेवा भाग व्हायला हवा, आणि त्याहून जाड झाला तर रिव्हेटांची बोंडे काळ्या रंगाखाली बुजून जातात.